मळीचा पंप आणि नानांची मूठ

पितांबरनानांना कुणी हाक मारली की ते आधी पंपाकडे बघतात आणि मग हाक मारणाऱ्याकडे. मॅनेजरसाहेबांनी हाक मारली तरी तेच. त्यांची धाकटी मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला घेऊन भेटायला आली, तेव्हाही तेच. जावयाला वाटलं सासऱ्यांची मान आखडली आहे. त्याने जाताना मला विचारलं, "मॅडम, यांना डॉक्टरला दाखवलं का?"

मी या कारखान्यात स्टोअर सांभाळते. गाव माझं वरणगाव, वडील तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले. मी मात्र धुळ्याच्या बाहेर या पशुखाद्याच्या कारखान्यात बेअरिंग, पट्टे आणि बारदान मोजत बसते. मॅडम वगैरे बाहेरचे लोक म्हणतात. आतले मेघाताई म्हणतात आणि माझ्या तोंडाला जरा घाबरून असतात. ते बरंच आहे.

आमच्याकडे सरकीची पेंड, मका आणि भुसा एकत्र दळून जनावरांसाठी कांडी बनते. कांडी बांधून यायला आणि जनावराला गोड लागायला मळी लागते. मळी म्हणजे साखर कारखान्यातून टँकरने येणारा काळा, चिकट पाक. काकवीचा गरीब भाऊच म्हणा. ती जमिनीखालच्या टाकीत साठवतात आणि पंपाने वर ओढून मिक्सरमध्ये सोडतात. सगळ्या कारखान्याचं घोडं पेंड खातं ते इथेच.

आमचा जुना पंप गिअरचा होता आणि झिजून पार गेला होता. जरा थांबला की हवा धरायचा. मोटार फिरायची, आत दाते फिरायचे, आणि मळी खालच्या खाली. मग नाना यायचे. वरचं बूच काढून कोमट मळी त्याच्या तोंडात ओतायचे, शाफ्ट हाताने पुढेमागे फिरवायचे, कान लावून ऐकायचे. आवाज बदलला की म्हणायचे, "धरं." म्हणजे पंपाने मळी धरली. दिवसातून कितीदा तरी हा सोहळा व्हायचा. साध्या पंपाच्या पोटातली हवा आपल्याला काढून द्यावी लागते, नाहीतर तो ओढत नाही. हे विहिरीवर मोटार असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं.

आणि तीच तर अडचण होती. आमचे सगळे कामगार शेतकऱ्यांचे. शेतातल्या मोटारीने पाणी ओढायचं सोडलं की काय करतात? वरून पाणी पाजतात. नानांचे थोरले भाऊ वारले, तेव्हा नाना मातीला गेले आणि संध्याकाळपर्यंत परत आले. तेवढ्यात पंपाने हवा धरली. पाळीवरच्या लोकांनी हात जोडून, मनापासून, बादल्याच्या बादल्या पाणी पाजलं. ते सगळं टाकीत उतरलं. काही दिवसांनी मळी आंबली, फेस येऊन झाकणाबाहेर आली आणि साऱ्या आवारात ताडीच्या गुत्त्यासारखा वास सुटला. तेव्हापासून साहेबांनी ठरवून टाकलं, पंपाला नानांशिवाय कुणी हात लावायचा नाही. नानांना टाकीशेजारी एक खोली दिली. लोकांना वाटलं, नानांचा मान वाढला. मला वाटलं, आता हा माणूस संपला.

नानांचं गाव पिंपळनेरच्या अलीकडे. घरी बायको, यशोदाबाई, आणि थोडी कोरडवाहू जमीन. दोन्ही मुली सासरी. कारखाना दिवाळीला बंद, होळीला बंद, तेवढे दिवस नाना घरी. बाकी वर्षभर यशोदाबाईंचा नवरा म्हणजे फोनमधला आवाज, आणि त्या आवाजामागे पंपाचा घरघराट.

खरी ओढाताण व्हायची कानबाईला. खान्देशात राहणाऱ्याला कानबाई सांगावी लागत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरी बसते, सोमवारी तिला नदीवर नेतात. सुरतेहून, मुंबईहून, नाशिकहून माणसं गावी येतात. आमच्या कारखान्यात तर त्या दोन दिवसांच्या सुट्ट्यांसाठी मारामारी. आणि दरवर्षी सगळ्यांना सुट्टी मिळायची, कारण काय, तर नाना आहेत ना! ज्याने कानबाईच्या आरतीला उभं राहायचं, त्याच्या जिवावर बाकी सगळे आरतीला उभे राहत. मला हे बघून दरवर्षी संताप यायचा. आमच्या घराण्यात कानबाई बसत नाही, म्हणून मीही त्या रविवारी कामावर असायचे. संतापाला कुणी ऐकणारं नसायचं, फक्त नाना, आणि ते हसायचे.

त्यांच्या भाऊबंदांत रोटाची, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांची, एक रीत आहे. कानबाईच्या रोटासाठी गहू मोजायचे ते मापाने नाहीत, मुठीने. रविवारी सकाळी घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाने आपल्या हाताने एक मूठ गहू सुपात टाकायचे. मग ते दळायचे, आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. जो पुरुष गावी येऊ शकला नाही, त्याची मूठ त्याची बायको टाकते. मूठ नसते ती फक्त गेलेल्या माणसाची. नानांची मूठ वर्षानुवर्षं यशोदाबाई टाकत आल्या होत्या.

मागच्या वर्षी आषाढात एका दुपारी नाना स्टोअरच्या खिडकीशी आले. तोंड उतरलेलं. फोन हातातच होता.

"काय झालं नाना? पंप?"

"नही. घरथीन फोन उना." त्यांनी फोन खिशात टाकला. "ती म्हनस, यंदा तुमनी मूठ मी टाकाव नही. इतला वरीस टाकी. तुमना हात शे ना, मंग हात लई या, नही त ऱ्हावू द्या."

माझी बोली पूर्वेकडची, नानांची अहिराणी, पण एवढं कळायला बोली लागत नाही. यशोदाबाई भांडल्या नव्हत्या, रडल्या नव्हत्या. नुसतं सांगितलं होतं, मूठ टाकायची तर स्वतः या. नाना म्हणाले, ती रागावली असती तर मी समजूत काढली असती, आता काय काढू?

मी तशीच उठून साहेबांकडे गेले. म्हटलं, एक माणूस त्या पंपाला दाव्याने बांधलाय, आणि पंप तर मेलेला आहे. नवा घ्या. साहेब माणूस वाईट नाही, फक्त आळशी आहे. त्यांनी नानांना बोलावलं आणि म्हणाले, "नाना, संसार तुम्हालाच करायचाय. मुलगी तुम्हीच बघा."

झालं. नानांच्या अंगात वारं शिरलं. ज्या माणसाला दहा वर्षांत कुणी चप्पल कुठली घ्यायची हेही विचारलं नव्हतं, त्याच्यावर पंप निवडायची वेळ आली. त्यांची एकच अट. पंप असा हवा, की जो हवा स्वतः काढून टाकेल, ज्याला कुणी पाजायला लागणार नाही. आणि दुसरी अट त्यांनी मोठ्याने सांगितली नाही, पण सगळ्यांना माहीत होती. कानबाईच्या आधी बसला पाहिजे.

जळगावचा प्रेमराज पंप विकतो. त्याने दोन जातीचे पंप सांगितले. एक गिअरचा, तो मागवून यायला वेळ लागणार होता. गिअरचं नाव काढताच नानांनी हात झटकला. "नको रे भाऊ. दाताडवाला नको." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत. ज्या जातीने त्यांना इतकी वर्षं खोलीत कोंडलं, ती जात पुन्हा घरात आणायची नव्हती. दुसरा पंप पंख्याचा. तो प्रेमराजकडे तयार होता, निळा, चकचकीत, अंगावर सेल्फ प्रायमिंग असं लिहिलेला. "हा स्वतःच हवा ओढून टाकतो नाना," प्रेमराज म्हणाला. "मळी उचलेल ना?" नानांनी विचारलं. "उचलेल की. थोडी गरम ठेवा."

मग पंपाची परीक्षा झाली. साऱ्या खान्देशात पंपाची परीक्षा एकाच तऱ्हेने होते, आणि आमच्याकडेही तशीच झाली. आवारात पाण्याचा हौद आहे, त्यात पाइप सोडला. बटण दाबलं. पंप थोडा खोकला, फुरफुरला, आणि मग त्याने अशी धार सोडली की ती वजनकाट्याच्या केबिनवर जाऊन आदळली. आत बसलेला माणूस ओरडत बाहेर आला. सगळा कारखाना जमा झाला होता. पाइप पाण्यातून बाहेर काढला, हवा खाऊ दिली, पुन्हा बुडवला. पुन्हा धार! कुणी पाजलं नाही, कुणी हात लावला नाही.

"धार दखी का मेघाताई? धार!" नानांचे डोळे भरून आले होते.

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला धारेपुढे काही दिसत नाही. आयुष्यभर मळीत हात घातलेले नाना, मळी बोटावरून किती सावकाश ओघळते हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक, पण त्या दिवशी ते पाण्याच्या धारेला भुलले. टाळ्या मीही वाजवल्या. हौदापासून मळीची टाकी चार पावलांवर होती आणि पाइप तिथे न्यायचं एकालाही सुचलं नाही.

नानांनी नारळ फोडला. जुना पंप स्वतःच्या हाताने खोलला आणि भंगाराच्या गाडीत घालायला लावला. साहेब म्हणाले, राहू द्या, असू दे बाजूला. नाना म्हणाले, "नको साहेब. तो डोयासमोर नको." मी त्यांना असं काही ठामपणे बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

नवा पंप बसवून पूर्ण झाला तो कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी. नानांची पिशवी भरून तयार होती. त्यात धुतलेली पांढरी टोपी, कानबाईसाठी खण आणि यशोदाबाईंसाठी गुलाबी काठाचं पातळ. ती पिशवी त्यांनी पाइपाच्या व्हॉल्व्हच्या दांडीला टांगली, म्हणजे पंप सुरू झाला की तिथूनच उचलायची आणि साक्रीची बस धरायची.

बटण दाबलं. मोटार फिरली. पंप खोकला, फुरफुरला, अगदी त्या दिवशीसारखा. आम्ही वाट बघत राहिलो. त्याचा आवाज चढत गेला, मग घोगरा झाला. मळी वर आली नाही. मोटारीवर हात ठेवला तर चटका बसत होता. नानांनी मळी गरम केली. चार गुळण्या आल्या आणि थांबल्या. आणखी गरम केली तर तळाला करपायला लागली. प्रेमराज फोनवर म्हणाला, "आणखी पातळ करून बघा." पातळ कशाने, पाण्याने? नानांनी फोन माझ्या हातात दिला. मग मोटारच बसली, आणि आवारात इतकं शांत झालं की पिशवी दांडीला घासल्याचा आवाज येत होता.

पंख्याचा पंप माल भिरकावतो, ढकलत नाही. पाणी भिरकावलं जातं. मळी भिरकावायची म्हटलं तर ती पंख्यालाच धरून बसते. हे नंतर सगळ्यांना कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात नानांचाच होता.

डेअऱ्यांच्या गाड्या रविवारी सकाळी लागणार होत्या. साहेब फोनवर म्हणाले, बादल्यांनी काढा, कारखाना थांबणार नाही. सगळे कामगार गावी गेले होते. मागे उरले होते ते शिरपूरकडून नव्याने आलेले दोघे, सातपुड्यातल्या पाड्यावरचे, ज्यांनी मळी पहिल्यांदाच पाहिली होती.

मी नानांना म्हटलं, "तुम्ही जा. बस आहे अजून. बादल्याच तर ओढायच्यात, मी उभी राहते."

नाना टाकीच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. म्हणाले, "मी जाऊ अन् ह्या टाकीमा उतरनात त?"

मळीच्या टाकीत विषारी हवा साठते. वरून काही दिसत नाही, वास गोड येतो. दोरीने बादली भरत नाही म्हणून माणूस कंटाळतो, शिडी लावतो, खाली उतरतो आणि वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो. मी ओरडले असते, पण नवीन माणसाला माझं ओरडणं म्हणजे ऑफिसातल्या बाईची कटकट. नानांना हे माहीत होतं. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी उठताना सांगितली. "पंप मी निवडा, ताई."

रविवारी सकाळपासून नानांनी दोरी धरली. बादली सोडायची, तिरपी करायची, भरायची वाट बघायची. मळी घाई करत नाही. बादली वर आली की ते दोघे ती मिक्सरपर्यंत नेत. नाना तोंडापासून हलले नाहीत. जेवलेही तिथेच बसून. एकदा फोन वाजला. त्यांचे हात मळीने माखलेले, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडे डफ वाजत होता, बाया गात होत्या. यशोदाबाईंनी एवढंच विचारलं, "निंघनात का?"

नानांनी बादली पुन्हा टाकीत सोडली.

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पिशवी दांडीला लटकलेलीच होती. मी ती काढून आत ठेवायला गेले, तर नाना म्हणाले, "ऱ्हावू दे." सोमवारही तसाच गेला. बंद दाराआड कोंडलेला माणूस मी पाहिला नाही, पण उघड्या आभाळाखाली, फाटक सताड उघडं असताना कोंडलेला माणूस पाहिला. त्याच्याकडे दोन दिवस बघत राहणं मला सोसवलं नाही. मी स्टोअरमध्ये जाऊन उगाच बेअरिंगचे खोके इकडचे तिकडे केले.

मंगळवारी माणसं परतली. मला साक्रीला बारदान बघायला जायचं होतं, कारखान्याची जीप होती. मी नानांना गाडीत घातलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, आधी पिंपळनेरकडे घे.

कानबाई बसते ती नानांच्या चुलतभावाकडे, सुकलालआबांच्या घरी. रोट संपेपर्यंत रोज पंगत बसते, ती त्यांच्या ओसरीवर बसली होती. सगळे भाऊबंद कढीबरोबर रोट खात होते, हसत होते. नाना गाडीतून उतरले तसं हसणं जरा कमी झालं. "ये रे पितांबर," आबा म्हणाले, पण बस म्हणाले नाहीत. त्यांचीही चूक नव्हती. रीत त्यांनी थोडीच काढली होती. नाना त्यांच्याजवळ उभे राहिले. मी बाहेरची, मला तर ओसरीवर जायचंच नव्हतं. मी शेजारच्या नानांच्या घरात गेले.

यशोदाबाई चुलीपाशी एकट्याच जेवत होत्या. ताटात ज्वारीची भाकरी आणि गिलक्याची भाजी. बारीक चणीची बाई. मला बघून त्या उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा मावशी. मला वाटलं, सगळे तिकडे रोट खात आहेत, यांचा काही उपास असेल. तोंडाला लगाम नाही, विचारून बसले, "तुम्ही रोट नाही खात?"

"रोट मुठना ऱ्हास, पोरी," त्या म्हणाल्या. "ज्यानी मूठ, त्याना रोट. बाईनी मूठ नही ऱ्हास. ती नवरानी मुठमातून खास." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "यंदा आमना घरनी मूठच नही. मंग मी काय खाऊ?"

इतके दिवस मी समजत होते की त्यांनी नवऱ्याला शिक्षा केली. त्यांनी नवऱ्याची मूठ टाकली नाही तेव्हाच स्वतःचा घासही बाजूला ठेवला होता, आणि हे फोनवर एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. इतकी वर्षं मी एकाच माणसाला कोंडलेला बघत होते आणि दुसरं माणूस मला दिसलंच नव्हतं.

दारात नाना उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

"तू तरी टाकी देती," ते म्हणाले.

"दरवरीस टाकी ना," यशोदाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "मना हात धाकला शे. दरवरीस तुमनी मूठ मना हातनी व्हये. भाऊबंद हासेत, म्हनेत, पितांबर बारीक व्हत चालना. मीबी हासू." आता त्या हसल्या नाहीत. "मंग मी म्हनं, ज्यानी मूठ शे त्याले येवू दे. नही त नही."

त्यांनी उठून दुसरं ताट घेतलं, त्यात भाकरी आणि भाजी वाढली, आणि ते आपल्या ताटाशेजारी ठेवलं. नाना टोपी घालूनच बसले. शेजारून पंगतीचा आवाज येत होता. दोघांनी मान खाली घालून भाकरी खाल्ली. मला त्या दोघांचा राग आला, कारखान्याचा आला, आणि रडूही आलं. मी बाहेर जीपमध्ये जाऊन बसले आणि ड्रायव्हरवर ओरडले, कारण तो तंबाखू चोळत होता.

नाना परत आले. साहेबांसमोर उभे राहून त्यांनी सांगितलं, पंप पुन्हा मीच निवडणार. मला वाटलं होतं आता ते अंग काढून घेतील. साहेबांनाही तेच वाटलं होतं. बादल्या ओढून ओढून सगळेच वैतागले होते, त्यामुळे कुणी नाही म्हटलं नाही.

प्रेमराज तोंड पाडून आला. त्याने निळा पंप परत घेतला आणि या वेळी गिअरचा पंप आणला. जड, ओबडधोबड, सावकाश फिरणारा. त्याला धार नाही, दिमाख नाही. कुणीतरी सवयीने पाइप हौदाकडे न्यायला लागलं.

"पानी नको दखाडू," नाना म्हणाले. "पानी कोनीबी उचलस." त्यांनी सकाळची गार मळी बादलीभरून समोर ठेवली. "हाई उचल."

पंप हळूहळू फिरला. किती वेळ काही झालं नाही. मग पाइपाच्या तोंडातून काळी, जाड वेणी बाहेर आली आणि न तुटता येत राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धारच नव्हती, टाळ्या कशाला वाजवतील?

प्रेमराजने या वेळी टाकी नीट बघितली, आणि जुना पंप का हवा धरायचा तेही तेव्हा समजलं. दोष गिअरच्या जातीचा नव्हताच. दाते झिजले होते, आणि ओढीचा पाइप बारीक, लांब आणि वळणावळणाचा होता. घट्ट मालाला रुंद आणि जवळची वाट लागते. पंप टाकीला चिकटून बसवला, पाइप जाड आणि सरळ टाकला, आणि आधी गाळणी लावली, म्हणजे सुतळ्या, चिंध्या आत जाणार नाहीत.

"मी नसनू तरी चाली का?" नाना त्याला पुन्हा पुन्हा विचारत होते.

"चालेल नाना. फक्त बंद करताना रिकामा करू नका. पोटात थोडी मळी राहू द्या. तेवढ्यावर तो उद्या स्वतः ओढायला लागतो."

मी म्हटलं, "नाना, हे मावशींना सांगू नका. म्हणतील, पंपालासुद्धा एवढी अक्कल आहे."

नाना हसले. मंगळवारनंतर पहिल्यांदा.

मग त्यांनी एक हट्ट धरला, गाळणी साफ करायला दुसरं माणूस शिकलं पाहिजे. आणि कानबाईला सुट्टी घेणार नाही असं जुनं माणूस साऱ्या कारखान्यात एकच. मी आधी चिडले. मी स्टोअरची माणूस, मळीत हात घालायला आले नाही, वगैरे बरंच बोलले. नाना ऐकून घेत होते. दुसऱ्या दिवशी मी जुना ड्रेस घालून आले.

थंडी आली, मळी दगडासारखी झाली, पंपाने सोडलं नाही. नानांना काही काम उरलं नाही. तरी ते पंपाशीच बसायचे. मोटेचा बैल सोडला तरी काही दिवस त्याच वाटेने मागेपुढे चालतो, तसं. हाक मारली की आधी पंपाकडे बघणं सुटलं नाही.

या वर्षी कानबाईच्या दोन दिवस आधी मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून ते मला गाळणीबद्दल सांगत होते. बस सुटली तरी सांगत होते.

रविवारी सकाळी पंपाने शिटी मारली. मळी येईना. मी मोटार बंद केली, गाळणी उघडली. आत बारदानाची सुतळी, गुंता होऊन गच्च बसलेली. माझ्याच स्टोअरचं बारदान, कुणाला बोलणार? मी कोपरापर्यंत हात घातला आणि ओढायला लागले. मळी ड्रेसवर, केसांवर, नाकावर. डेअरीचा ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत होता. मला सोडून जाता येत नव्हतं. तिथे हे काम येणारं दुसरं कुणी नव्हतंच. तेव्हा मला नाना जरा नीट कळले.

त्यात फोन वाजला. कसातरी खांद्याने कानाला दाबला.

"मेघाताई, पंप चालू शे ना?"

पलीकडे डफ वाजत होता. मागून यशोदाबाईंचा आवाज आला, "आधी मूठ टाका, मंग बोला."

"आवाज ऐकू येत नही," नाना म्हणाले. त्यांना पंपाचा आवाज हवा होता. तो ऐकल्याशिवाय त्यांचा हात उठत नव्हता, हे मला इथे उभ्या उभ्या दिसत होतं. एवढ्यावरून तो माणूस संध्याकाळची बस धरून आला असता.

"मी ऑफिसात आहे, दार लावलंय," मी म्हटलं. मग वाटलं, त्यांच्याच बोलीत सांगावं. "चालू शे नाना. तुम्ही मूठ टाका."

नाना सुपाकडे वळले असावेत. फोन बंद करायचं त्यांना भान नव्हतं. मी गाळणीत हात घालून तशीच उभी राहिले. मग सुपात गहू पडल्याचा आवाज आला, आणि तो पडतच राहिला. मोठी मूठ होती.